पाच मिनिटं पाठ टेकतो

मी गादी बोलतेय. कापसाची, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची. गादी म्हणजे मऊच बोलणार असा तुमचा समज असेल तर तो आधी झटकून टाका. माझ्या घरात तीन माणसं आहेत आणि तिघांपैकी एकाचंही मला कौतुक नाही. त्यांनाही एकमेकांचं फारसं नाही, तेव्हा माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

माझा जन्म घराच्या मागच्या अंगणात झाला. मुलाचं लग्न ठरलं तशी सासूबाईंनी गादीवाल्याला बोलावलं. खरं तर तेव्हा त्या नुसत्या आई होत्या, सासू व्हायला तीन आठवडे बाकी होते. पण सराव सुरू झाला होता. गादीवाला कापूस पिंजत होता आणि त्या समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. दर मुठीमागे एक सूचना.

"घट्ट भर रे. मऊ गादीवर माणसं लोळत पडतात."

"मावशी, गादी लोळायलाच असते."

"आमच्याकडे झोपायला असते."

त्याने लांब दाभणाने टाके घालून मला मिटवलं. सासूबाई माझ्यावर दाणकन बसल्या, दोनदा उसळून पाहिलं, आणि तोंडातून एक 'हं' काढला. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक.

मग ती आली. सून. बोलायला कमी, बघायला जास्त. एका मोठ्या हॉटेलात ती चादरींच्या खात्यात कामाला आहे. खोल्यांमधून उतरवलेल्या चादरी तिच्या टेबलावर येतात. कुठली पुन्हा धुवायची, कुठली रफू करायची, कुठली बाद करायची, ते ती ठरवते. तिने मला पहिल्यांदा चादर घातली तेव्हाच मी ओळखलं, हे हात जाणते आहेत. चारही कोपरे असे दुमडले की सकाळपर्यंत एक सुरकुती हलली नाही. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण टोचलं नाही, एवढं खरं.

तो, म्हणजे तिचा नवरा, लाकडाच्या वखारीत करवतीवर असतो. दिवसभर उभा. संध्याकाळी घरी आला की बूट दारात, डबा ओट्यावर आणि स्वारी धप्पकन माझ्यावर. "पाच मिनिटं पाठ टेकतो." त्याच्या पॅन्टच्या दुमडीतून, खिशांतून, भुवयांतून भुसा गळायचा. तो तासाभराने उठायचा, भुसा मुक्कामाला राहायचा.

लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी ती म्हणाली, "कपडे बदलून पड ना."

"पडलो ना आता."

"म्हणून तर म्हणतेय."

"उद्यापासून." त्याने कूस बदलली. म्हणजे उरलेल्या बाजूलाही भुसा लागला.

तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दाराशी एक स्टूल आणून ठेवलं आणि त्यावर त्याचे घरातले कपडे घडी करून ठेवले. पहिल्या दिवशी त्याने त्यावर पिशवी ठेवली. दुसऱ्या दिवशी बूट काढायला तो त्याच स्टुलावर बसला, घडी केलेल्या कपड्यांवर, आणि म्हणाला, "बरं झालं, मऊ केलंस." ती हसली नाही. ती रागावली की 'तू'वरून 'तुम्ही'वर यायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्हाला जेवायला वाढू का?" मला कळलं. त्याला कळलं नाही.

सासूबाईंना मात्र सगळं कळत होतं. त्या दारातून म्हणाल्या, "पलंग आहे की ऑपरेशनचं टेबल? ह्याचे वडील त्याच वखारीतून यायचे आणि सरळ आडवे व्हायचे. चाळीस वर्षं! मी कधी हूं की चूं केलं नाही."

केलं नाही, की करता आलं नाही, मला सांगता येणार नाही. तेव्हा मी बोंडात होते.

ती म्हणाली, "आई, त्यांच्या चादरी कोण धुवायचं?"

"मीच धुवायचे. रोज."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. एवढ्याशा वाक्यावर सासूबाई दोन दिवस धुमसत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या बाजारातून आल्या त्या थेट आमच्या खोलीत. बाहेरच्या कपड्यांनिशी माझ्यावर मांडी घालून बसल्या आणि भाजीची पिशवी माझ्या पोटावर उपडी केली. मातीचे बटाटे, ओली पानं, सगळं. ओटा रिकामा होता. टेबल रिकामं होतं. "पंख्याखाली बरं वाटतं," त्या म्हणाल्या. पंखा बंद होता.

मग लढाई माझ्या अंगावरच जुंपली. तिने एक जुनी, विटलेली चादर काढली आणि त्याच्या अर्ध्या भागावर वरून घातली. तो उठला की ती चादर चिमटीत धरून उचलायची, बाहेर नेऊन झटकायची, बादलीत टाकायची. आठवडाभर त्याच्या लक्षात आलं नाही. मग आलं.

"ही काय भानगड आहे? माझ्यासाठी वेगळी चादर? मला काय नायटा झालाय?"

"खालची चांगली राहते."

"म्हणजे मी पडलो की चांगली राहत नाही."

ती गप्प. तिचं गप्प बसणं हे तिचं सगळ्यात मोठं हत्यार, आणि ते नेमकं चुकीच्या वेळी बाहेर यायचं. त्याने ती जुनी चादर ओढून जमिनीवर फेकली आणि बरोबर मधोमध तिरका झोपला, पायातले मोजेसुद्धा न काढता.

आता मी तुम्हाला दोन गोष्टी सांगते. गादीला ऐकण्याशिवाय उद्योग नसतो.

एकदा ती कामावर असताना तो आईशी बोलत माझ्या काठावर बसला होता. वखारीच्या ऑफिसात नवा मॅनेजर आला होता. कसलासा कागद सही करायला ह्याला आत बोलावलं, हा खुर्चीत बसायला गेला, तर मॅनेजर म्हणाला, "उभ्यानेच कर, भुसा पडतो." खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, तरीही. "वीस जणांसमोर, आई," तो म्हणाला. "आणि घरी आलो तर इथेही तेच."

आणि एकदा तो वखारीत आणि सासूबाई शेजारी गेलेल्या असताना तिने बहिणीला फोन लावला. "ताई, दिवसभर परक्या लोकांच्या चादरी उलगडते गं मी. कोण कसा झोपला, कोण काय खाऊन झोपला, कोण रडलं, सगळं दिसतं. नको असलं तरी दिसतं. घरी एक चादर अशी हवी की जी बघून मला कुणाविषयी काही कळू नये. एवढंच."

हे त्याने तिला सांगितलं नाही. तिने त्याला सांगितलं नाही. दोघांनी मला सांगितलं, आणि मी काय करू? मी कापूस.

पुढे त्या भुशानेच कहर केला. एका सकाळी ती चादर ताठ करताना माझ्यावरून हात फिरवत होती आणि लाकडाचं कुसळ तिच्या उजव्या तर्जनीत घुसलं. खोल. तिने सुईने काढायला पाहिलं, अर्धं आत मोडलं. दोन दिवसांत बोट पिकलं. हॉटेलातल्या मुख्य बाईंनी बोट पाहिलं आणि तिला घरी पाठवलं. पू झालेला हात चादरींना लागून चालणार नाही, बरी झालीस की ये. आठ दिवस ती घरात. सासूबाईंबरोबर. दोन मांजरं एका पोत्यात.

"एवढंसं कुसळ," तो म्हणाला. "मी रोज चार काढतो."

"आम्ही दाताने काढायचो," सासूबाई म्हणाल्या.

आणि तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही. बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं होतं.

"वखारीत लाकूडसुद्धा साल काढल्याशिवाय करवतीवर घेत नाहीत. तुम्ही स्वतःच सांगितलंत मला. ओंडक्याला जेवढी रीत आहे तेवढी तरी तुम्हाला असावी."

त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आता तो खुर्चीची गोष्ट सांगेल. तो म्हणाला, "तुझ्या माहेरी एकच खोली. आला-गेला सगळे त्याच पलंगावर बसायचे, तिथेच जेवायचे. तिकडे नाही कधी कुसळ टोचलं?"

ते खरं होतं, म्हणूनच बोलायचं नव्हतं. ती पांढरी पडली. तिला म्हणता आलं असतं, 'तिथे चादर कधीच माझी नव्हती, म्हणून तर.' ती काहीच म्हणाली नाही.

ह्या फटीत सासूबाईंनी पाय घातला. "एवढंच असेल ना, तर गादीच दोन करून घ्या. त्याची त्याला, तुझी तुला. मिटलं."

टोमणा होता तो. टोमण्याला उत्तर टोमण्याने द्यायचं असतं, एवढं तर पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. ती म्हणाली, "बरं."

तो म्हणाला, "हो, करा. उत्तम."

सासूबाई तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा, हे त्यांना त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. रविवारी त्यांनी स्वतःच जाऊन गादीवाल्याला बोलावून आणलं.

मला अंगणात काढलं. तोच गादीवाला, तेच दाभण, शिवाय हातभर लांबीची कात्री. त्याने मला ओळखलं. "वर्षही झालं नाही की हिला, मावशी! लोक दोनाची एक करतात. कापू नक्की?"

"त्याला विचार," सासूबाई म्हणाल्या.

"तिला विचारा, तिलाच टोचतं," तो म्हणाला.

"दोन करा असं मी म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "ज्यांनी म्हटलं त्यांना विचारा."

गादीवाल्याने पुन्हा सासूबाईंकडे पाहिलं. 'अरे, मी आपलं बोलायला बोलले,' हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. जरा पुढे आलं असतं तर बाहेरच पडलं असतं. त्यांनी ते गिळलं.

"काप," त्या म्हणाल्या.

गादीवाल्याने अंदाजाने बोट ठेवलं, तसा तो पुढे झाला. वाकडं काम त्याला बघवत नाही. त्याने घरातून एक सरळ फळी आणली, कानावरची पेन्सिल काढली, दोन्ही बाजूंनी माप घेऊन बरोबर मध्य काढला. खोळ सरकत होती. ढिलं कापड तिला बघवत नाही. तिने दुखरं बोट वर ठेवून उरलेल्या हाताने कापड ताणून धरलं.

"घट्ट धर."

"धरलंय."

"तुझ्याकडे जरा. पाव इंच. हं."

"आता?"

"आता बरोबर."

अख्ख्या आठवड्यात ते एकमेकांशी एवढं बोलले नव्हते. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, आणि काय सुबक झालं म्हणून सांगू! रेष अशी सरळ की गादीवाल्याने मान डोलावली. मग त्याने कात्री चालवली. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. तिघं शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं नाही, तुम्ही कशाला विचारता?

कापूस बाहेर आला तसा त्याच्याबरोबर भुसाही आला. "हे काय, गादी कापसाची होती ना?" गादीवाला म्हणाला. तो झोपायचा त्या बाजूला भुसा सापडेल हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या बाजूलाही तेवढाच होता. मुठीमुठीने. तिने एक चिमूट उचलली, बघितली आणि पुन्हा कापसात टाकली. "वेगळा करून देऊ का?" गादीवाल्याने विचारलं. कुणीच काही बोललं नाही म्हणून त्याने तो तसाच दोन्हींत भरून टाके घातले.

तेव्हापासून आम्ही दोघी एका पलंगावर आहोत. एकीवर इस्त्रीची पांढरी चादर, कोपरे दुमडलेली. दुसरीवर भुसा, मोजे आणि तो. ती जिंकली, तोही जिंकला. मध्ये चार बोटांची फट आहे. तिच्यात आजवर एक कंगवा, त्याचा फोन, तिची औषधाची नळी आणि बरीचशी संभाषणं पडली आहेत. तिचं बोट बरं झालं, ती कामावर जाते. घरात कुणी आवाज चढवत नाही. ती आता त्याला कायमच 'तुम्ही' म्हणते.

परवा गादीवाला रस्त्याने चालला होता. सासूबाई फाटकाशी गेल्या. खिडकी उघडी होती, मला ऐकू आलं.

"काय रे, दोन गाद्यांची एक होते का?"

"होते की, मावशी. पण मधे शिवण राहणार. पाठीला लागेल."

"किती दिवस?"

"ते झोपणाऱ्यांवर आहे."

सासूबाईंनी फाटकाची कडी दोनदा वाजवली. मग म्हणाल्या, "विचारून सांगते."

तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी आमच्या दाराशी येतात. आत तो वखारीतल्या कपड्यांतच पडलेला असतो, ती पाठमोरी बसून चादर ताठ करत असते. सासूबाई घसा खाकरतात. दोघं वर बघतात. "काही नाही," असं म्हणून त्या जातात.

तुमच्या पलंगावर कुणी कसल्या कपड्यांत पडायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच माहीत आहे की आज संध्याकाळी त्या पुन्हा येतील. कुणीतरी त्यांना एकदा 'काय म्हणत होतात?' असं विचारावं. मी विचारलं असतं. मला माझ्यासाठी नको आहे काही. पण अर्ध्या गादीवर झोपणारं माणूस फार तळमळतं, आणि ती तळमळ रात्रभर आम्हालाच सोसावी लागते.