बिल्ला नंबर चारशे बारा

गिरणीच्या हजेरी-कारकुनाने फळ्यावरील खिळ्यावरून ४१२ क्रमांकाचा पितळी बिल्ला उतरविला, तोच फुलाबाईने खिडकीच्या गजांतून हात घालून त्याचे मनगट धरले.

"ह्यो नगा काढू, रावसाहेब. मालक तापानं पडल्यात. उटतील दोन-चार दिसांत."

ईश्वरप्पा कारकुनाने मनगट सोडवून घेतले व रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा "बिरप्पा, चारशे बारा!" म्हणून पुकारा केला. कारकून गिरणीत नवा होता, कामगारांचे चेहरे ओळखत नव्हता. परंतु अडचण जुनी होती. गिरणी उभी राहिली तेव्हा हजार माणूस कामास लागेल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. बिल्ल्यावर तीनच आकडे मावत, फळ्यावर नऊशे नव्याण्णवच खिळे होते, आणि आता एकही नंबर मोकळा उरला नव्हता. म्हणून हुकूम सुटला होता: आज भोंग्यापूर्वी जो स्वतः येऊन बिल्ला उचलणार नाही, त्याचा नंबर दुसऱ्यास द्यावा.

"नंबर गेला की जागा गेली, बाई. मग बरा होऊन आला तरी उपयोग नाही. नवऱ्याला उभा कर."

खिडकीपासून निघालेली उमेदवारांची रांग पार रस्त्यापर्यंत पोहोचली होती.

"आमाला मेलेल्याचा बी चालंल की!" रांगेतून कोणी ओरडले. "भूत आलंच, तर त्येला रातपाळी देऊ!"

हशा पिकला. फुलाबाई हसली नाही. बिरप्पा पहाटे उठावयास गेला होता, आणि भिंत धरूनच खाली घसरला होता.

रांगेच्या शेवटून एक तरुण तिजपाशी सरकला. त्याच्या घोंगड्यास अद्याप मेंढरांचा वास होता.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "माजी पाळी काय येत न्हाय. मी ऱ्हातो त्येंच्या जागी. दादा उटलं की बिल्ला त्येंचा त्येंला."

तिने भोंग्याच्या नळीकडे पाहिले. वाफ सुटू लागली होती. ती बाजूस सरली.

"हाय की मी बिरप्पा," तरुण खिडकीशी म्हणाला. "चारशे बारा."

"तापकरी माणूस इतका तगडा? आणि इतका वेळ होतास कुठे?"

"रांगंत बसलो हुतो. उबं ऱ्हावंना."

ईश्वरप्पाने त्यास आपादमस्तक न्याहाळले. मग मान वळविली.

"बाई, याचे नाव तू सांग."

नाव फुलाबाईच्या ओठांशी आले, आणि तेथेच थबकले. लग्न झाल्यापासून तिने ते कधी उच्चारले नव्हते. कोणतीच बाई उच्चारीत नाही, हे कारकूनही जाणून होता. तो टक लावून वाट पाहत होता.

तिने पदर कपाळापर्यंत ओढला, मान खाली घातली, आणि त्या परक्या पुरुषाच्या एक पाऊल मागे जाऊन उभी राहिली.

तिच्या गल्लीतले दोघे रांगेत होते. त्यांनी नजर दुसरीकडे वळविली.

ईश्वरप्पाने बिल्ला गजांतून बाहेर सरकविला.

भोंगा झाला. तरुण दारात वळला, काही सांगावयाचे असल्यासारखा. पण मागच्या लोंढ्याने त्यास आत नेले. त्याचे खरे नाव विचारावयाचे राहूनच गेले होते. या दाराशी ते आता फुलाबाईला कोणासही विचारता येणार नव्हते.