चमचाभर सिमेंट

"किती?" आईने विचारलं.

"चमचाभर," डॉक्टर म्हणाले. "फार तर दीड."

मी तिला एखाद्या भामट्याच्या हवाली केल्यासारखं आईने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं बांधकामावर घमेली वाहिलेली बाई ती. तिच्या मते चमचाभर सिमेंटात मुंगीचंसुद्धा घर होत नाही.

तिचा मणका मोडला तो शिंकेने. घमेल्यांनी नाही, शिंकेने. हाडं ठिसूळ झाली होती, एक मणका दबला. दोन महिने ती पडून होती. बेडपॅन मी द्यायचो. तेव्हा ती भिंतीकडे बघायची, मी छताकडे. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

सकाळी तिला पालथं झोपवून, पाठ बधिर करून, सुईने मणक्यात सिमेंट भरलं. तासाभरात ती खाटेवर परत.

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," आई तक्रारीच्या सुरात म्हणाली.

"मग दोन तासांनी उठून चालायचं."

"आणि पाणी कोण मारणार?"

"कसलं पाणी?"

"सिमेंटावर! सात दिवस पाणी मारल्याशिवाय मी स्लॅबवर कुत्रं चढू दिलं नाही कधी."

"मावशी, हे वेगळं सिमेंट. पंधरा मिनिटांत घट्ट होतं."

"लबाड ठेकेदारही हेच सांगायचे."

डॉक्टर हसत निघून गेले. त्यांचं काय जातंय?

"आई, ऊठ."

"सात दिवस."

"पडून राहिलीस तर हाडं आणखी झिजतील! माझी रजा दोन दिवसांची आहे!"

"मग तू जा. सिमेंटाला रजा नसते."

बाहेरून पाणी मारता येईना, म्हणून तिने ते आतून मारायला घेतलं. दर अर्ध्या तासाला एक पेला. मी ओरडलो, हात जोडले. ती मोजून पीत राहिली. सहाव्या पेल्यानंतर तिचा चेहरा बदलला. मी मुकाट बेडपॅन काढलं.

"ठेव ते."

"सात दिवस ना?"

"गप बस."

ती उठून बसली. कळ यायची वाट पाहत थांबली. आली नाही. पाय खाली सोडले. मी हात पुढे केला, तो तिने वाटेतली फळी सारावी तसा सारला. भिंत धरत, तिचा गिलावा नखाने खरवडून "कच्चा आहे" असं पुटपुटत ती बाथरूमपर्यंत गेली.

दार लागलं. आतून कडी सरकली.

"दारात काय उभा आहेस? जा की तिकडे!"

मी गेलो.