तळाशी लाल ठिपका

बेल वाजली तेव्हा तो कागद तिच्या हातात होता. बाबांच्या कपाटात, जुन्या स्वेटरच्या घडीत सापडलेला. चौपदरी, कडा पिवळ्या पडलेल्या. अकरा वर्षं आईने आणि तिने ज्याच्यासाठी हळूच खिसे तपासले, कप्पे उचकले, तो हाच. अजून उघडला नव्हता. तो मुठीत धरूनच तिने दार साखळीपुरतं उघडलं.

बाहेर एक काटकुळा माणूस. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण.

"कंपाउंडरसाहेबांचं घर हेच ना?"

"ते वारले. तीन आठवडे झाले."

"म्हणूनच आलो, ताई. मी आत होतो. त्यांच्या दवाखान्यात यायचो."

आत म्हणजे तुरुंगात. बाबांची सारी नोकरी तिथल्या दवाखान्यात गेली होती. तिने साखळी काढली नाही.

"काय हवंय तुम्हाला?"

"काही नको. दोन गोष्टी सांगतो नि जातो. असंच बोलू. गजांतून बोलायची सवय आहे मला."

तिला हसू फुटलं, आणि त्याचाच राग आला. पण साखळी निघाली. कुणीतरी आत्ता उठवणारच असल्यासारखा तो खुर्चीच्या कडेला बसला.

"बराकीत मी गोंदायचो. सुई एकच, माणसं तीस-पस्तीस. कुणाला आईचं नाव, कुणाला विंचू. साहेब घसा फोडून सांगायचे, अरे, एका सुईने एचआयव्ही पसरतो, तपासून घ्या. कोण ऐकतंय! आम्हाला वाटायचं, ज्याचं निघेल त्याला शेवटच्या खोलीत टाकणार, ताटवाटी वेगळी करणार. मीच म्हणालो, एवढा कळवळा आहे ना, मग आधी तुमचं रक्त काढा."

"आणि त्यांनी काढलं," ती कोरडेपणाने म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी, रक्त काढलं त्याच संध्याकाळी एका शिपायाची बायको सांगून गेली होती, 'कंपाउंडरनेच तपासणी केली म्हणे. उगाच करतं का कुणी?' दुसऱ्या दिवशी आईने बाबांचा पेला वेगळा काढला. ओळखता यावा म्हणून त्याच्या तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका मात्र आईने नव्हे, तिने लावला होता. पेल्याने काही होत नसतं, असं बाबा म्हणाले. एकदाच. मग त्याच पेल्यातून मुकाट पाणी पीत राहिले.

"रिपोर्टचं पाकीट आलं," तो सांगत होता. "साहेबांनी ते आमच्यासमोर फोडलं. वाचलं, घडी घातली, खिशात टाकलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. म्हटलं, दाखवा की! तर म्हणाले, मी दाखवला, की उद्या जो दाखवणार नाही त्याच्यावर सगळे बोट ठेवतील. कुणीच दाखवायचा नाही. मी घरीसुद्धा दाखवणार नाही. त्या आठवड्यात अख्खी बराक रांगेला लागली. सुई मीच त्यांच्या हातात नेऊन दिली."

"घरीसुद्धा," ती पुटपुटली.

"पाळलं त्यांनी?"

तिने होकाराची मान हलवली.

"मला निघाला होता, ताई. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. बराकीत कुणाला पत्ता नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

"आणि बाबांना? त्यांचं काय निघालं होतं?"

"मला काय ठाऊक!" तो चकित होऊन म्हणाला.

कागद अजून मुठीतच होता. ती उठली. "पाणी आणते."

"भांडं कुठलंही चालेल. मी वरून पितो."

"वरून कशाला?"

खिडकीतला एकटा पेला तिने भरून दिला. त्याने ओठ लावून सगळं पाणी संपवलं.

तो गेल्यावर तिने कागद होता तसा स्वेटरच्या घडीत ठेवला आणि कपाट लावलं. मग मोरीशी पेला उपडा धरून ठिपका नखाने खरवडत बसली. अकरा वर्षं घासूनही तो पक्का होता. जरा फिका पडला की तीच पुन्हा लावायची.

पेला धुऊन तिने मांडणीवरच्या बाकीच्या पेल्यांत सारला. कुठला कुणाचा, आता कळत नव्हतं.

नखाखालचा लाल रंग मात्र दोन दिवस गेला नाही.