कमळाच्या देठावरची वस्ती

मित्रांनो, तळ्यात उतरताना कमळाच्या देठाला हात लागला की काहीतरी बुळबुळीत लागते आणि तुम्ही हात झटकता. तोच मी. मी एक जुना थर आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य जिवाणूंची वस्ती. आमच्यातले जुने रोज मरतात, नवे रोज जन्मतात. तरी वस्ती म्हणून मी एकच आहे, आणि आता फार थकलो आहे.

लातूरहून औशाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे एक तळे हे माझे घर. चिखलातून कमळाचा कोवळा देठ वर आला, पाण्यात तरंगणारे माझे पूर्वज त्याला चिकटले आणि मी जन्मलो. देठ मला आधार देई, थोडा गोडवाही देई. मी पाण्यातली घाण खात असे. उन्हाळ्यात पाणी आटले की कमळ कंदात दडून बसे आणि मी चिखलात वाट पाहत असे.

त्र्याण्णव साली भूकंप झाला. तळाचा गाळ उसळला, देठ मोडले, माझी अर्धी वस्ती गाळात गाडली गेली. पण त्याच धक्क्याने किल्लारीकडे गावेच्या गावे पडली होती. पुढे तळ्याच्या काठावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीत गौरम्मा आणि तिचा नवरा गुरुबसप्पा राहायला आले. तिकडच्या गावात त्यांचे किराणा दुकान होते. दुकान गेले आणि आत झोपलेली त्यांची एकुलती मुलगीही गेली.

गौरम्मा पाण्याला येई, घागर भरून झाली तरी काठावर बसून राही. कोणाशी बोलत नसे. एकदा महादेवाला वाहायला तिने एक कमळ तोडले आणि नवऱ्याला म्हणाली, "एवढंच चांगलं राहिलंय बघा." किती दिवसांनी ती बोलली होती! गुरुबसप्पा तोंड फिरवून रडला. फूल माझे नव्हते, पण माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

मग परीक्षांसाठी लातूरचे नाव झाले. नांदेडहून, परभणीहून मुले-मुली शिकवण्यांना येऊ लागली. वसतिगृहे बांधत बांधत शहर तळ्यापर्यंत आले. गौरम्मा आणि गुरुबसप्पांनी खानावळ काढली. आपल्या मुलीच्या वयाच्या पोरींना भाकरी वाढताना गौरम्मा पुन्हा बोलायला लागली. मला ते ऐकून बरे वाटे.

पण खरकटे, साबणाचे पाणी, संडासाचे पाणी, सगळे नालीने तळ्यात येऊ लागले. सुरुवातीला मी माजलो. मग एवढे खाणे पचेनासे झाले. अशातच कोणीतरी जांभळ्या फुलांच्या हौसेने जलपर्णीची रोपे पाण्यात टाकली. घाण पाण्यावर ती अशी फोफावली की कमळाच्या पानांना ऊन मिळेना. माझ्यातले कितीतरी जण तिच्या लोंबत्या मुळांवर राहायला गेले. त्यांना मी परके कसे म्हणू? तेही तिथे घाणच खात होते. पण जलपर्णी जेवढी वाढे, तेवढी कुजे. ते कुजके खाता खाता आम्हीच पाण्यातली हवा संपवली. मासे उलटे तरंगू लागले. वासाने मुले खानावळ सोडून जाऊ लागली.

गौरम्मा नवऱ्याला म्हणाली, "अवो, आपली नाली बंद करा."

"समदेच सोडून राहिले तळ्यात. आपल्या एकट्याच्यानं काय व्हतंय?"

"समद्यांचं मला ठावं न्हाई. पोरगी गेल्यावर मला ह्याच काठावर बसता आलं. माझ्या हातचं खरकटं ह्यात नगं."

दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा खानावळीमागे सांडपाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा खणायला लागला.

पुढे तळे साफ करायला पालिकेचे मशीन आले. जे हिरवे दिसेल ते उपसायचे, असा हुकूम होता. एका कोपऱ्यात कमळाचा लहानसा पट्टा उरला होता, त्यावर मी होतो. गौरम्मा कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या काठ्या त्या पट्ट्याभोवती रोवू लागली.

श्रीमंत नावाचा मशीनवाला ओरडला, "मावशी, बाहेर या, रुताल गाळात!"

"रुतले तर काढ. पन काठ्यांच्या आत मशीन घालू नको बाबा. हे कमळ हाय."

"साहेब म्हणले, समदं साफ करा."

"साहेबाला सांग, म्हातारी लई हट्टी हाय, ऐकंना."

श्रीमंत हसला आणि त्याने मशीनचा हात वळवला. गुरुबसप्पाने पाण्यात उतरून बायकोला धरून वर आणले.

मी वाचलो. जलपर्णीच्या मुळांवरचे माझे सगळे काठावरच्या ढिगात उन्हाने वाळून गेले. त्यांच्यासाठी कोणी काठ्या रोवल्या नाहीत, आणि रोवायला हव्या होत्या असे मीही म्हणत नाही. पण ते माझेच होते.

आता पाणी मोकळे आहे. मात्र बाकीच्या नाल्या तशाच वाहतात, आणि पलीकडच्या काठाला जलपर्णीची पाने पुन्हा दिसू लागली आहेत. मित्रांनो, घाण खाणे हे माझे कामच आहे, त्याची तक्रार नाही. फक्त मला पचेल एवढीच द्या. आणि तळे साफ करायला निघाल तेव्हा काय उपटतो आहोत ते आधी नीट बघा.

परवा गुरुबसप्पा शेजारच्या वसतिगृहाच्या मालकाला शोषखड्ड्याचे सांगायला गेला होता. मालक म्हणाला, "बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षापर्यंत मी टिकेन का, मला माहीत नाही. तोवर देठ धरून आहे.