जुळत न्हाय

शामूची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्याला सव्विसावं लागलं होतं. बेळगावात वीज कचेरीत कारकुनाची नोकरी, गाव बेळगुंदी. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, नाहीतर अंगावर सूज चढायची. मद्रासकडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी एक किडनी द्यायला हवी. ते १९८३ साल होतं.

आई राजाबाई, थोरला भाऊ भावकू आणि काकतीला दिलेली बहीण गुणाबाई, तिघांनीही तपासणीला रक्त दिलं. भावकूचा रक्तगट निराळा निघाला, तो पहिल्याच दिवशी सुटला. गुणाबाईला त्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही.

निघताना तिचा नवरा रवळू एवढंच म्हणाला होता, "तुझं तू बघ." नको म्हणाला असता तर बरं झालं असतं. तिच्या दोन मुली लहान होत्या, घरी ठेवून आलेली धाकटी अजून अंगावर पीत होती.

मग रोज काहीतरी तपासणी. हाताला पट्टा बांधून ब्लडप्रेशर, शिरेत औषध टोचून कमरेचे एक्स-रे. टेबलावर पडली की तिला वाटायचं, आत्ताच कापतील. वरून देवाला हात जोडायची आणि आतून मागायची एकच गोष्ट, माझं जुळू नये.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं. बाई धारवाडच्या, कानडीत बोलणाऱ्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुमचं पुरं जुळतंय. आईचं निम्मंच जुळतंय, वयही झालंय. चालेल, पण तुमच्याइतकं चांगलं नाही. बाहेर अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुमची मनापासून तयारी आहे का?"

व्हय म्हणायला गुणाबाईनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. डोळ्यांसमोर शामू नव्हता, पाळण्यातली पोर होती.

बाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग कागद ओढत म्हणाल्या, "भिऊन दिलेलं आम्ही घेत नाही. तुमचं घेता येत नाही एवढंच सांगीन. कारण कुणाला कळणार नाही."

बाहेर बाकावर आई बसली होती. तिच्याकडं न बघताच गुणाबाई म्हणाली, "न्हाय जमत म्हणत्यात."

"मग माझं घ्या म्हणावं," आई उठत म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी आईला आणि शामूला एकामागोमाग आत नेलं. गुणाबाई बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. धावत आत जाऊन खरं सांगावं असं तिला दोनदा वाटलं, दोन्ही वेळा ती जागची हलली नाही. साडेपाच तासांनी दोघं जिवंत बाहेर आली. शामूला तिसऱ्या दिवशी लघवी मोकळी झाली, आईची किडनी चालू लागली, आणि भावकू लहान पोरासारखा रडला.

पण आईची जखम चिघळली. अकरा दिवस ताप हटेना. रोज सकाळी खाटेजवळ जाताना गुणाबाई आधी आईची छाती हलते का ते बघायची. बाराव्या दिवशी ताप उतरला, आईनं पेज मागितली. पहिला चमचा भरताना गुणाबाईचा धीर सुटला.

"आई, माझं जुळत हुतं गं."

"व्हय, ठावं हाय मला. बाहेर आलीस तवा माझ्याकडं बघितलं न्हाईस तू."

"शामूला सांगशील?"

"पेज दे, थंड हुतीया."

शामू पुढं सात वर्षं जगला, लग्नही केलं. आईनं शेवटपर्यंत त्याला काही सांगितलं नाही. गुणाबाई मात्र माहेरी आली, की दोघी बोलत बसलेल्या असताना शामू जवळ आला तर मधेच गप्प व्हायची, आणि आईच्या तोंडाकडं बघत राहायची.