जुन्या पंपाचा नवा पडदा

बाबांच्या गॅरेजमध्ये ती जीप पाच महिने नुसती उभी होती, एका रबराच्या चकतीसाठी. गुरांच्या डॉक्टरांची जीप. वयानं माझ्याहून मोठी, पण डोंगरावरच्या वस्त्यांना जायला त्यांच्याकडे दुसरी गाडीच नव्हती. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलणारा जो पंप असतो, त्याच्यातला रबरी पडदा फाटला होता. तळहाताएवढी वस्तू. पण ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला होता, आणि पंप बनवणारी कंपनीही आता उरली नव्हती.

"साध्या रबरातून कापून बसवा की," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही म्हशीला बकरीचं कातडं बसवता का?" बाबा म्हणाले.

शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी रोज दुपारी चार तास एका कार्यालयात कामाला जाते. तेवढा वेळ माझी दोन वर्षांची चिमी बाबांकडे असायची, गॅरेजमागच्या त्यांच्या खोलीत. आई गेल्यापासून त्यांचा दिवस त्या चार तासांसाठीच उजाडायचा. माझा जीव मात्र कार्यालयात टांगणीला. न्यायला आले की मी आधी चिमीच्या मुठी उघडून बघायची, मग तोंड, मग नटबोल्टचे डबे झाकलेत की नाही ते. "झाली झडती?" बाबा विचारायचे. "आता माझे खिसे बघ."

पडद्यानं नाकी नऊ आणले. एका दुकानदारानं वेगळ्याच पंपाचा पडदा पाठवला. दुसरा "बघून सांगतो" म्हणाला आणि नंतर त्यानं फोन उचलणंच सोडलं. तिसरे एक आजोबा हसून म्हणाले, "पोरी, या पंपाची गिऱ्हाइकं कधीच संपली, तू कुठून उगवलीस?" शेवटी नवऱ्याच्या मागे त्याच्या बंद दुकानातला माल विकणाऱ्या एका बाईंकडे एक नग निघाला. एकच. मी त्यांना फोनवरून पट्टीनं भोकांतलं अंतर मोजायला लावलं, पडद्याला जोडलेल्या दांड्याची लांबी मोजायला लावली, खोक्यावरच्या आकड्यांचा फोटो मागवला. पार्सल आलं त्या दिवशी मी परीक्षेत पहिली आल्यासारखी गॅरेजमध्ये शिरले.

बाबांची एक पद्धत होती. रबर दिसायला कितीही नवं असो, ते आधी दुमडायचे आणि नाकाशी धरायचे. जिवंत रबराला स्वतःचा वास असतो, मेलेल्याला खोक्याचा, असं त्यांचं म्हणणं. पार्ट बसवून झाला की प्रत्येक सांध्यापाशी नाक न्यायचे, "कोरडं" म्हणायचे, मगच बॉनेट बंद करायचे. त्या दिवशीही त्यांनी चकती दुमडली, डोळे मिटून वास घेतला. "ताजं आहे."

मीही हुंगलं. मला जुन्या पुठ्ठ्याचा वास आला. पण चाळीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार? आणि खरं सांगायचं तर तो पडदा मी शोधून काढला होता. तो ताजा असावा असं मलाही वाटत होतं.

दोन दिवसांनी चिमीला न्यायला गेले तर जीप चालू होती. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून मला हसूच आलं. चिमी ड्रायव्हरच्या सीटवर उभी राहून दोन्ही हातांनी स्टिअरिंग बडवत होती. बाबा पंपावर वाकले होते.

"कोरडं!" ते आतूनच ओरडले.

मी दारातच थांबले. पेट्रोलचा वास इतका उग्र होता की डोळ्यांत पाणी आलं. मी धावले, चिमीला बखोटीला धरून उचललं आणि रस्त्यापर्यंत मागे आले.

"बाबा, बंद करा! बंद करा ती!"

त्यांनी आधी गाडी बंद केली. मग विचारलं, "काय झालं?"

"काय झालं काय? पेट्रोल! एवढा वास येतोय!"

त्यांनी इंजिनाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत दुसऱ्याचं उत्तर बघणारं मूल पकडलं जावं तसं. तेव्हाच मला कळलं.

पंपाच्या पोटातल्या बारीक भोकातून थेंब गळत होते. खाली वीतभर अंतरावर सायलेन्सरचा तापलेला पाइप. बाबांनी थेंबाखाली बोट धरलं, उजेडाकडे नेऊन ओलं आहे का ते पाहिलं, मग पंप उतरवला. पडदा घडीवर तडकला होता. खोक्यात पडून पडून तो कधीच मेला होता.

"कधीपासून वास येत नाही?" मी विचारलं. चिमी माझ्या कडेवर रडत होती.

"आठ महिने."

"आणि बोलला नाहीत? मला तरी सांगायचं ना!"

ते हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले. "सांगितलं असतं तर हिला ठेवली असतीस माझ्याकडे?"

मी "असं काय बोलता" एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मला आठवत होती त्यांच्या खोलीतली गॅसची शेगडी, तिच्यावर दूध तापवणारे ते, आणि खाली खेळणारी चिमी. आठ महिने, रोज चार तास. मी मुठी उघडून बघत होते.

डॉक्टर आले तेव्हा बाबांनी तडकलेली चकती त्यांच्या हातावर ठेवली. "मेलेला पडदा होता. मला कळला नाही. गाडी ओढून न्या आणि दुसऱ्या कुणाला दाखवा."

"अहो, एखाद्या वेळी व्हायचंच असं. दुसरा मागवू. तुमच्याशिवाय या म्हातारीला हात कोण लावणार?"

"मला वास येत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी चकती बॉनेटवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "माणसांच्या डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. औषध देऊन झालं. आता परत येणं कठीण आहे म्हणतो."

म्हणजे ते एकटेच जाऊन आले होते. माझ्या नकळत.

डॉक्टर दोर आणायला गेले. बाबा मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. चिमीचे दोन फ्रॉक, तिचं पांघरूण, दुधाची बाटली, दोरीवरून नुकतीच काढलेली चड्डी. सगळं नीट घडी करून भरलेलं.

"मी सुट्टीच्या दिवशी येत जाईन तुमच्याकडे," ते म्हणाले. "तू असतेस तेव्हा."

"बाबा, तसं काही नाही हो."

"आहे, बाळ. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

चिमीनं त्यांच्याकडे झेप घेतली. ते हात मागे घेऊन उभे राहिले. "हात पेट्रोलचे आहेत," म्हणाले. खरंच होते, मला येत होता वास.

"पाळणाघर मिळेपर्यंत तरी..." मी म्हणाले. त्यांनी पिशवी आणखी थोडी पुढे केली.

मी ती घेतली.