मागचा लाल दिवा

आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केलेल्या काकांना स्वतःच्या गाडीतला बिघाड महिनाभर दिसलाच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिसला होता. पहिल्याच दिवशी दिसला होता.

ब्रेकच्या पेडलच्या मुळाशी बोटभर स्विच असतो. पाय काढला की पेडल वर येऊन त्याची कळ दाबून धरतं आणि मागचा लाल दिवा विझतो. पाय दिला की कळ सुटते, दिवा लागतो. पेडल आणि कळ यांच्या मध्ये नखाएवढं प्लॅस्टिकचं बटण असतं. ते तुटलं की कळ सुटलेलीच राहते, आणि गाडीला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. मग गाडी बंद केली तरी दिवा जळतोच. काम म्हणाल तर दहा मिनिटांचं.

काकू गेल्यावर काका या गल्लीत राहायला आले. इथे त्यांना काळं कुत्रं विचारत नव्हतं, मग धंदा काय होता हे कोण विचारणार? मुलगा रविवारी फोन करायचा, "बाबा, जेवलात ना?" आणि उत्तर संपायच्या आत त्याला दुसरा फोन यायचा.

बटण तुटलं त्या संध्याकाळी दार वाजलं. समोरच्या शिवणवाल्या बाई होत्या. "काका, गाडीचा मागचा दिवा चालू राहिलाय. बॅटरी उतरेल हो."

"अरेच्चा, हो का?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला, मग कोपऱ्यावरचा दुकानदार. बाई तर दिवसाआड यायच्या. काका साळसूदपणे कपाळाला हात लावायचे, दोन मिनिटांचं बोलणं दहा मिनिटं ताणायचे, आणि माणूस गेला की बॅटरीची तार काढून ठेवायचे, सकाळी पुन्हा जोडायचे. नवं बटण शर्टाच्या खिशातच होतं. पण ते बसवल्यावर दार कोण वाजवणार होतं?

मग एका सकाळी चौकात एक म्हातारी आडवी आली. काकांनी ब्रेक दाबला, आणि मागून बाईंची स्कूटर येऊन आदळली.

"दिवा तर कायमच लागलेला," बाई रस्त्यावर बसून कण्हत म्हणाल्या. "तुम्ही थांबलात हे मला कळणार कसं?"

बाईंचं उजवं मनगट मोडलं. शिलाई मशीन बंद पडलं.

दवाखान्यातून परतल्यावर काकांनी वाकून बटण बसवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी दिवा विझलेला होता आणि दार वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काका रस्ता ओलांडून गेले आणि बाईंच्या दारात उभं राहून सगळं सांगून टाकलं. आपला धंदा, ते बटण, तो खिसा.

"बोलायला माणूस हवं होतं हो," ते शेवटी म्हणाले.

बाईंनी प्लॅस्टरमधला हात छातीशी धरला. "मग दार वाजवायचं ना, काका. आज वाजवलंत तसं. तुमच्या दारापासून वीस पावलं असतील."

काकांनी वळून आपल्या दाराकडे पाहिलं.

"आता जा तुम्ही. राग आलाय मला, खोटं कशाला बोलू? प्लॅस्टर निघालं की या."

"कधी निघेल?"

"पाच आठवड्यांनी."

परतताना काकांनी पावलं मोजली. वीस नव्हती. अकराच भरली.